स्टेफनी क्वोलेक आणि न फेकलेले द्रावण

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात, विद्यार्थी सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



विद्यार्थ्यांपुढे विज्ञानाविषयी दोन शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने मला सुचविले तेव्हा मी प्रथम नकार दिला. मी बँकेत कारकून आहे. पदवी कला शाखेची. दिवसभर व्हाउचर, खातेदारांच्या सह्या आणि संध्याकाळी रोकडीचा ताळा, एवढाच माझा आकड्यांशी संबंध. रसायनशास्त्रावर मी काय बोलणार? परंतु गेले काही महिने एका रसायनशास्त्रज्ञ बाईंनी माझ्या मनात घर केले आहे. त्यांची ओळख तुम्हांला करून द्यावी, या मोहाने शेवटी होकार दिला. माझ्या बोलण्यात शास्त्राची काही चूक झाली तर येथे बसलेल्या विज्ञान शिक्षकांनी ती भाषणानंतर अवश्य दाखवावी.

सुरुवात आमच्या शाखेपासून करतो. आमच्याकडे नवीन ऑप्टिकल फायबरची केबल टाकण्याचे काम चालू होते. जोडणीला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने केबलचे वरचे काळे आवरण सोलले. आत केसासारखी काचेची तार होती आणि तिच्याभोवती पिवळ्या रेशमासारख्या धाग्यांचा झुबका होता. मला वाटले, गुंडाळायला दोरा वापरला असेल. तो पिशवीत काहीतरी शोधत होता म्हणून मी माझ्या टेबलावरची कात्री पुढे केली. तो हसला. म्हणाला, "काका, तुम्हीच कापून बघा." मी कात्री चालवली. धागे पात्यांत दुमडले, चुरगळले, पण तुटेनात! दोनतीनदा प्रयत्न केला आणि कात्री खाली ठेवली. मग त्याने वेगळी, बारीक दातांची कात्री काढली आणि कचकन धागे कापले. "केबल ओढताना काचेवर ताण येऊ नये म्हणून हे धागे असतात. सगळा ओढ हेच घेतात," तो म्हणाला. धाग्याचे नाव त्याने केव्हलर सांगितले.

त्या धाग्यांची एक बट मी पाकिटात ठेवली. ती आजही माझ्याजवळ आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी. ती घरी नेली आणि या धाग्याचा शोध कोणी लावला हे वाचू लागलो, तेव्हा स्टेफनी क्वोलेक हे नाव प्रथमच माझ्या वाचनात आले.

स्टेफनी क्वोलेक यांचा जन्म 31 जुलै 1923 रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू केन्सिंग्टन या गावी झाला. आईवडील पोलंडहून आलेल्या कुटुंबांतले. वडिलांना निसर्गाचे वेड. ते मुलीला घेऊन रानात भटकत. तिने पाने, रानफुले, गवत, बिया गोळा करायच्या, वहीत चिकटवायच्या आणि खाली नावे लिहायची, असा बापलेकीचा छंद होता. आईकडून तिला शिवणकामाची आणि कापडाची आवड मिळाली. ती दहा वर्षांची असताना वडील वारले. दोन मुलांना वाढवण्यासाठी आई नोकरीला लागली. आपल्यापैकी अनेक घरांना ही कहाणी परकी वाटणार नाही.

मुलीला डॉक्टर व्हायचे होते. 1946 साली तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली, पण वैद्यकीय शिक्षणाला लागणारा पैसा हाताशी नव्हता. तेव्हा काही वर्षे नोकरी करावी, पैसा साठवावा आणि मग डॉक्टर व्हावे, असा बेत तिने केला. महायुद्धामुळे बरेच पुरुष कामावरून बाहेर गेलेले असल्याने त्या सुमारास प्रयोगशाळांत स्त्रियांना थोडी जागा मिळत होती. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत तिची मुलाखत झाली. मुलाखत घेणारे हेल चार्च हे स्वतः संशोधक होते. त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितले की दोनेक आठवड्यांत कळवू. ती म्हणाली, मला दुसरीकडेही उत्तर द्यायचे आहे, निर्णय जरा लवकर कळला तर बरे होईल. चार्च यांनी तेथेच सेक्रेटरीला बोलावून तिच्यासमोर नेमणुकीचे पत्र सांगितले! मुलींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. नम्रपणे पण स्पष्टपणे विचारले तर काही वेळा दार उघडते.

तात्पुरती म्हणून धरलेली ती नोकरी पुढे चाळीस वर्षे चालली. कामात मन इतके रमले की डॉक्टर होण्याचा बेत मागे पडला. पीएच.डी. त्यांनी कधी केली नाही. शेवटपर्यंत पदवी बी.एस.चीच, म्हणजे आपल्याकडच्या बी.एस्सी.सारखी.

आता त्यांचे काम काय होते ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. ज्याला आपण पॉलिमर म्हणतो त्याला मराठी पाठ्यपुस्तकात बहुवारिक असा शब्द आहे. लहान रेणूला लहान रेणू जोडत गेले, शेकडो, हजारो जोडले, की लांबच लांब साखळी होते. तेच बहुवारिक. कापूस, लोकर, रेशीम, रबर ही निसर्गाने केलेली बहुवारिके. नायलॉन, पॉलिथिन ही माणसाने केलेली. आज हे शाळेतली मुले सांगतात. पण 1920 साली हर्मन श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे प्रचंड लांब रेणू असतात हे मांडले तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनी ते मानले नाही. हे लहान रेणूंचे नुसते पुंजके आहेत, असे त्यांचे म्हणणे. श्टाउडिंगर यांना वर्षानुवर्षे पुरावे गोळा करावे लागले. नोबेल पारितोषिक मिळाले ते 1953 साली. दरम्यान 1935 मध्ये ड्यूपॉन्टमध्येच वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले होते.

क्वोलेक यांना काम मिळाले ते याच क्षेत्रात. नायलॉन करायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता लागे. साध्या तापमानावर बहुवारिके करता येतील का, हे त्या आणि त्यांचे सहकारी शोधत होते. 1959 साली पॉल मॉर्गन आणि त्यांनी मिळून विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पेल्यात एक द्रव घ्यायचा, त्यावर दुसरा द्रव अलगद ओतायचा. दोन्ही जेथे भेटतात तेथे दुधावर साय धरावी तसा पापुद्रा धरतो. तो चिमट्याने उचलून वर ओढला की त्याची दोरी होते. ओढत राहावे तसा नवा पापुद्रा धरतो आणि दोरी वाढतच जाते. ना आग, ना यंत्र! जगभरच्या कॉलेजांत हा प्रयोग आजही दाखवला जातो.

1964 मध्ये कंपनीने संशोधकांपुढे एक काम ठेवले. पुढेमागे पेट्रोलची टंचाई होईल, तेव्हा मोटारी हलक्या लागतील. टायरमध्ये मजबुतीसाठी घालायच्या पोलादी तारेऐवजी तितकाच मजबूत पण वजनाला हलका धागा हवा होता. क्वोलेक यांनी हे काम हाती घेतले.

येथे रेणूंचा आकार समजून घ्यावा लागेल. नायलॉनची साखळी लवचीक असते. द्रावणात तिची अवस्था शिजवलेल्या शेवयांसारखी, एकमेकींत गुंतलेली, वेटोळी. क्वोलेक ज्या साखळ्यांवर काम करत होत्या त्यांत बेंझिनची षटकोनी कडी होती आणि प्रत्येक कडे समोरासमोरच्या टोकांनी पुढच्याशी जोडलेले होते. अशी साखळी वाकायला तयार नसते. ती खराट्याच्या हिराप्रमाणे ताठ राहते. ताठ साखळीची आणखी एक अडचण म्हणजे ती तापवून वितळत नाही, त्याआधीच बिघडते. विरघळवणारा द्रावकही सहजी सापडत नाही. पुष्कळ खटपटीनंतर त्यांना एक द्रावण साधले.

आणि ते द्रावण विचित्र निघाले! बहुवारिकाचे द्रावण कसे असते? काकवीसारखे दाट आणि आरपार दिसणारे. हे मात्र पाण्यासारखे पातळ आणि गढूळ होते. ताकासारखे दिसत होते, असे त्या स्वतःच सांगत. ढवळले की त्यात मोतिया झाक चमकून जाई. कोणीही म्हणाले असते की यात काहीतरी न विरघळलेले राहिले आहे, प्रयोग फसला, बेसिनमध्ये ओता आणि नव्याने सुरू करा. क्वोलेक यांनी ते ओतले नाही. गढूळपणा कचऱ्यामुळे असेल तर गाळल्यावर जायला हवा, असा विचार करून त्यांनी द्रावण गाळून पाहिले. गढूळपणा गेला नाही. म्हणजे तो कचरा नव्हता. द्रावणाचा स्वभावच तसा होता.

पुढची पायरी धागा काढण्याची. त्यासाठी द्रावण एका तबकडीच्या अतिसूक्ष्म भोकांतून दाबून काढतात. घरी सोऱ्यातून शेव पाडतो, तसेच समजा. फक्त भोके केसाहून बारीक. हे यंत्र चार्ल्स स्मलन या सहकाऱ्याकडे होते. त्यांनी द्रावण पाहिले आणि नाही म्हणून सांगितले. हे पाण्यासारखे पातळ आहे, याचा धागा होणार नाही. वर गढूळ आहे, यातले कण माझ्या यंत्राची भोके बुजवतील. त्यांचेही चूक नव्हते. यंत्राची जबाबदारी त्यांच्यावर होती. क्वोलेक भांडल्या नाहीत आणि तक्रार घेऊन वरिष्ठांकडेही गेल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे जात राहिल्या. गाळून पाहिल्याचे त्यांनी सांगितले. काही दिवसांनी स्मलन यांनी एकदाचे मान्य केले.

भोके बुजली नाहीत. धागा निघाला, आणि ओढला तरी तो सहजी तुटेना. तपासणीला पाठवल्यावर आकडे आले ते असे, की त्यांनी आधी केलेल्या कोणत्याही धाग्याच्या तुलनेत याचा ताठपणा निदान नऊपट होता.

विद्यार्थी मित्रांनो, असा आकडा हाती आल्यावर तुम्ही-आम्ही काय केले असते? साहेबांच्या केबिनकडे धाव घेतली असती. क्वोलेक यांनी कोणालाही सांगितले नाही. तपासणीत चूक झाली असेल, तोंडावर पडायला नको, म्हणून त्यांनी तोच धागा पुन्हा तपासायला पाठवला, पुन्हा पाठवला. दर वेळी आकडा तसाच आला. खात्री झाल्यावरच त्यांनी तोंड उघडले. ज्या बाईंनी गढूळ द्रावणावर विश्वास ठेवला, त्यांनीच चांगल्या आकड्यावर मात्र चटकन विश्वास ठेवला नाही. हवे तसे उत्तर आले तरी तपासायचे आणि नको तसे आले तरी तपासायचे, हा त्यांचा एकच नियम होता.

मग ते द्रावण गढूळ का होते? माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

माझ्या टेबलावर टाचण्यांची एक लांबट डबी असते. थोड्याच टाचण्या असल्या तर त्या तिच्यात कशाही आडव्यातिडव्या पडतात. पण डबी भरत आली की आडव्या टाचणीला जागाच राहत नाही. मग डबी थोडी हलवली, की टाचण्या आपोआप एका दिशेला लागतात. त्यांना कोणी एकेक उचलून लावत नाही. ताठ रेणूंचे द्रावणात असेच होते. संख्या कमी असते तोवर ते कसेही फिरतात. संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की आडवेतिडवे राहणे अवघड होते. शेजारीशेजारी समांतर झाले तरच प्रत्येकाला हलायला जास्त मोकळीक मिळते. म्हणून ते गटागटाने रांगेत लागतात. एका गटाची रांग या दिशेला, तर दुसऱ्याची त्या दिशेला. हे गट प्रकाश विखुरतात, म्हणून द्रावण गढूळ दिसते आणि ढवळल्यावर चमकते. रांगेतले रेणू एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते पातळही होते. बहुवारिक आणखी घातले तर द्रावण दाट व्हायचे ते उलट पातळ होते! या अवस्थेला द्रव स्फटिक म्हणतात, कारण ते द्रवासारखे वाहते आणि त्यात स्फटिकासारखी शिस्तही असते.

म्हणजे ज्याला दोष समजून फेकून दिले असते, तेच त्या द्रावणाचे बळ होते. रांगेत लागलेले रेणू बारीक भोकातून जाताना साऱ्यांची दिशा एकच होते, धाग्याच्या लांबीची. नंतर शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात. नायलॉनच्या गुंतलेल्या साखळ्या धागा काढल्यावरही ओढून ओढून सरळ कराव्या लागतात, तरी त्या पुरत्या सरळ होत नाहीत. येथे ते काम रेणूंनी आधीच स्वतः करून ठेवलेले असते. शास्त्रज्ञ याला स्वयंरचना म्हणतात. बाहेरून कोणी हात न लावता, रेणूंच्या आकारामुळे आणि परस्परांच्या ओढीमुळे रचना उभी राहते. ताठ रेणू असे रांगेत लागतील, असे पॉल फ्लोरी यांनी 1956 मध्ये गणिताने दाखवले होते. हे फ्लोरी उमेदीच्या काळात ड्यूपॉन्टमध्ये कॅरोथर्स यांच्या हाताखाली होते. 1974 साली त्यांना नोबेल मिळाले. गणित कागदावर होते. नायलॉनच्या घराण्यातल्या रेणूंमध्ये ते प्रत्यक्ष घडताना क्वोलेक यांच्या काचपात्रात दिसले.

तेथून बाजारापर्यंतचा रस्ता लांब होता आणि तो एकट्या क्वोलेक यांचा नाही, हे त्या स्वतः मान्य करत. पहिले बहुवारिक महाग पडणारे होते. शेवटी त्याच जातीचे दुसरे निवडले गेले. ते तीव्र गंधकाम्लात विरघळवून, हवेतून थोडे खाली सोडून, थंड पाण्यात धागा धरण्याची पद्धत हर्बर्ट ब्लेड्स या सहकाऱ्याने बसवली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला केव्हलर बाजारात आले. सारख्या वजनाच्या पोलादाशी तुलना केली तर ते पाचपट मजबूत. पोलादाची घनता पाण्याच्या जवळपास आठपट, तर केव्हलरची दीडपटीहूनही थोडी कमी. गंमत अशी, की ज्या टायरसाठी हा सारा खटाटोप झाला तेथे पोलादी तारच बहुतांशी टिकून राहिली. केव्हलर मात्र दोर, हातमोजे, विमानाचे भाग, होड्या, ब्रेक, केबल यांत गेले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोळी अडवणाऱ्या जाकिटात गेले. गोळी त्या कापडावर आदळली की तिचा जोर एका जागी न राहता धाग्याधाग्यांतून पसरतो. 23 डिसेंबर 1975 रोजी सिएटल शहरात एका किराणा दुकानात लुटारूने पोलिसावर गोळ्या झाडल्या. त्याच्या अंगात अशा कापडाचे जाकीट होते. तो वाचला. पुढे अशा जाकिटांनी अमेरिकेत 3,000 हून अधिक पोलिसांचे प्राण वाचवले, असे तेथील न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने म्हटले आहे.

या धाग्याला दोष नाहीत असे नाही. उन्हातील अतिनील किरणांनी तो खराब होतो, ओलावा धरतो, आणि ओढ सोसतो तितका दाब सोसत नाही. कोणतीही वस्तू सर्वगुणसंपन्न नसते.

क्वोलेक यांना यातून काय मिळाले? पेटंटचे हक्क कंपनीकडे होते. धाग्याच्या विक्रीतला वाटा त्यांना मिळाला नाही. 1986 साली त्या निवृत्त झाल्या. 1995 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरव दालनात त्यांचे नाव लागले, 1996 मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. निवृत्तीनंतर त्या शाळकरी मुलांना रसायनशास्त्र शिकवत. 18 जून 2014 रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही एकट्याच माणसाची गोष्ट आहे असे वाटू नये म्हणून आणखी एक उदाहरण देतो. त्याच कंपनीत चार्ल्स पेडरसन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. वडील नॉर्वेचे, आई जपानी, जन्म कोरियातला, आणि पीएच.डी. यांचीही नव्हती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस एका प्रयोगात त्यांना हवे होते ते भलतेच. हाती आला तपकिरी चिकटा आणि त्यात नको असलेले, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पांढरे रेशमी स्फटिक. त्यांनी ते टाकून न देता ते काय आहेत हे शोधले. रेणूचे ते कडे मधल्या पोकळीत धातूचा आयन नेमका पकडून बसते, असे निघाले. रेणू एकमेकांना ओळखून आपोआप कसे जुळतात, या अभ्यासाची एक मोठी वाट तेथून निघाली. 1987 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पेडरसन यांना डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन यांच्यासोबत मिळाले.

आता मला जे खरोखर सांगायचे आहे ते सांगतो.

माझी मुलगी अकरावी विज्ञानला आहे. एके रात्री ती प्रयोगाची जर्नल पूर्ण करत होती. मी जवळ बसलो होतो. पाहतो तर ती शेवटचे उत्तर आधी लिहून, त्यावरून उलटे गणित करून ब्युरेटची वाचने भरत होती. मी रागावणार होतो. पण तोंडातून शब्द निघेना, कारण अकरावीला मीही विज्ञान शाखेतच होतो आणि हेच केले होते. अनुमापनाच्या प्रयोगात माझे वाचन पुस्तकापेक्षा बरेच वेगळे आले. मी दाखवायला गेलो. "पुस्तकातले लिही, नाहीतर गुण जातील," असे मला सांगण्यात आले. मी लिहिले. गुण मिळाले. पुढे प्रत्येक प्रयोगात मी तेच केले, आणि वर्षाअखेर मला वाटू लागले की यात शोधण्यासारखे काही नसतेच, सगळे आधीच लिहिलेले असते. पुढच्या वर्षी मी शाखा बदलली. कला शाखेने मला पुष्कळ दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते वाचन वेगळे का आले होते? ब्युरेट गळत होती, द्रावण चुकीचे होते, की माझी नजर चुकली? ते मला आजपर्यंत कळलेले नाही. माझे ताक मी त्या दिवशी ओतून दिले.

बँकेत आम्ही असे करत नाही. संध्याकाळी रोकड मोजल्यावर दहा रुपयांचा फरक आला, तर खिशातून दहा रुपये टाकून कोणी ताळा जुळवत नाही. कारण प्रश्न दहा रुपयांचा नसतो. दहाचा फरक म्हणजे कदाचित एका बाजूला हजार जास्त आणि दुसऱ्या बाजूला नऊशे नव्वद कमी. फरक हीच खूण असते. ती पुसली तर चूक कायमची आत राहते. म्हणून आम्ही पुन्हा पहिल्या व्हाउचरपासून सुरू करतो, मग घरी जायला कितीही उशीर होवो.

हे सगळे मी मुलीला सांगितले. क्वोलेक यांची गोष्टही सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पप्पा, गुण तुम्ही देणार का?"

मला उत्तर देता आले नाही. तिचे खरे आहे. दोन गुणांनी प्रवेश हुकतो, हे येथे बसलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. तेव्हा नुसता उपदेश करून मी खाली बसणार नाही. आपल्या संस्थेची अभ्यासिका आहे. तेथे एक साधी शंभर पानी वही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. जर्नलमध्ये काय लिहायचे ते तुम्ही आणि तुमचे शिक्षक ठरवा. पण प्रयोगात जे प्रत्यक्ष दिसले, जे पुस्तकाशी जुळले नाही, ते या वहीत तारीख घालून खरे खरे लिहा. गुण नाहीत, तपासणी नाही. महिन्यातून एका रविवारी सर्वांनी बसून एकेका नोंदीचे कारण शोधू. बहुतेक वेळा ब्युरेट गळत होती, असेच निघेल. निघू द्या. ती गळते हे कळणे हेही ज्ञानच आहे. आपल्यातील विज्ञान शिक्षकांनी तो एक रविवार द्यावा, अशी मी त्यांना हात जोडून विनंती करतो. वहीचा आणि पेनचा खर्च माझा.

वहीतली पहिली नोंद झालेली आहे, हेही सांगतो. मागच्या आठवड्यात मुलीने जर्नलमध्ये पुस्तकातले उत्तर लिहिले आणि घरी येऊन एका कागदावर आपले खरे वाचन लिहून माझ्या हातात दिले. फरक 1.4 मिलिलिटरचा आहे. कारण अजून सापडलेले नाही. तो कागद मी त्या पिवळ्या धाग्याच्या पाकिटातच ठेवला आहे.